आखाजीआधीचा आंबा

रामकिसनला शहरातल्या मुकुंदवाडीच्या त्या तिसऱ्या मजल्यावर येऊन बारा दिवस झाले होते. सोयगावकडची विहीर फाल्गुनातच आटली, आणि बायको सरूबाई तर त्याच्याही आधी, दिवाळीच्या सुमारास गेली. एकटा म्हातारा तिथं काय करणार म्हणून मुलगा सुदर्शन त्याला घेऊन आला. येताना रामकिसननं दोनच गोष्टी आणल्या: कपड्यांची पिशवी आणि गवतात घातलेल्या सात आंब्यांचं खोकं.

ते झाड सरूबाईचं. भांडी विसळलेल्या पाण्यावर तिनं ते जगवलं होतं, आणि यंदाच्या दुष्काळात त्यानं मोजून सात फळं दिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं घागर भरायची, तिच्यावर आंबा ठेवायचा आणि मगच घरात कुणी आंबा तोंडाला लावायचा, हा त्यांच्याकडचा नेम. सरूबाई त्यात भारी कडक. आखाजीआधी रामकिसननं नुसता आंबा हुंगला तरी ती हातावर चापट द्यायची. यंदा पहिल्यांदाच घागर तिच्या नावानं भरायची होती, म्हणून तो रोज सकाळी खोकं उघडून सातही आंबे हलक्या हातानं उलटून ठेवायचा.

हे त्यानं सुनेला सांगितलं होतं का? नाही. सांगायचं म्हणजे तोंड उघडायला हवं, आणि गावच्या घरात बोलायचं खातं बेचाळीस वर्षं सरूबाईकडे होतं.

सून वैदेही शाळेत शिकवायची. सुट्टी लागल्यापासून ती एकच गोष्ट बघत होती, की सासरे अर्धी भाकरी खाऊन ताट सारतात. आखाजी दोन दिवसांवर आली होती, तेव्हा एका दुपारी तिनं परातीत मैदा घेतला आणि थंड लोणी बोटांच्या टोकांनी त्यात चुरायला बसली.

"करंज्या हायत का?" रामकिसननं दारातून विचारलं.

"नाही मामा, शॉर्टकेक. खुसखुशीत बिस्किटासारखा असतो, मध्ये साय आणि फळं घालायची. फार मळायचा नाही, नाहीतर चिवट होतो."

तिनं जाड वाटोळी थापली, कुकरच्या तळाशी मीठ पसरलं, वर जाळी ठेवली आणि शिट्टी-रिंग काढून झाकण लावलं. म्हातारा बघत राहिला. त्या साली नळाला सहा दिवसांनी पाणी यायचं.

"कुकरलाबी पाणी बंद केलं का?" तो म्हणाला.

बारा दिवसांतली ही त्याची पहिली थट्टा. वैदेही पोट धरून हसली आणि तिला हुरूप आला. तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. पाइप घेऊन उतरायचं काम रामकिसननं आपणहून अंगावर घेतलं होतं. समोर ज्वारीच्या रानात सहा मजली इमारत उठत होती. तिच्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं जाई आणि माणसं ड्रम घेऊन भांडत. असा न्याय.

तासाभरानं तो वर आला तो आंब्याच्या वासातच. टेबलावर तांबूस भाजलेला शॉर्टकेक होता, दोन थरांत साय आणि केशरी फोडी, वरही फोडी. बाजूच्या वाडग्यात सात कोयी होत्या.

रामकिसन खुर्चीवर टेकला. खोलीत जाऊन खोकं बघायची गरज नव्हती.

"तुम्ही आमच्यासाठी आणलेले ना? सगळे एकदम पिकले होते," वैदेही म्हणाली. "म्हटलं, घरच्या झाडाचा आंबा पाहून तरी तुम्ही दोन घास जास्त खाल."

तिच्या माहेरी पाडवा झाला की आमरस सुरू व्हायचा. तिला कुठून कळावं? त्याला राग आला, पण तो स्वतःच्या मुकेपणाचा आला. मग त्यानं थांबत थांबत सगळं सांगितलं, घागरीचं आणि ती कुणाच्या नावाची ते.

वैदेहीचा चेहरा उतरला. "मी बाजारातून आणते, मामा. आत्ता जाते."

"बाजारात लई आंबे हायत, पोरी. तिच्या झाडाचे नायत."

ती ओट्याकडे तोंड करून रडायला लागली. तिचे हलणारे खांदे बघताना रामकिसनला एकाएकी कडब्याची गंजी आठवली. बेचाळीस वर्षांत त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"रडू नको. इकडं ये," तो म्हणाला. "तुझी सासू मला चापट मारायची ना? दर साली आखाजीच्या आठ दिवस आधी कडब्याच्या गंजीमागं मला कोय सापडायची. ताजी, चोखलेली. पाडाचा पहिला आंबा ती तिथं बसून खायची. एकटी."

वैदेहीनं डोळे पुसले. "आणि तुम्ही?"

"मी कोय मातीत दडपून टाकायचो. कुणाला दिसली असती तर तिला बोल लागला असता."

रडता रडता वैदेही हसली. रामकिसनला मात्र हसू आलं नाही. गंजीमागं जाऊन आपण एकदा तरी तिच्याशेजारी बसायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

"दोन ताटल्यांत वाढ," तो म्हणाला.

"पण घागर परवा..."

"घागर परवाच भरू. सांडूकडून, माझ्या भावाकडून, त्याच्या झाडाचा आंबा मागवतो. बाकीचे पितर थांबतील. ती कधी थांबली व्हय?"

एक ताटली त्यानं सरूबाईच्या फोटोपुढं ठेवली. दुसरी घेऊन तो तिथंच, फोटोशेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं आखाजीआधी आंबा खाल्ला. ताटली रिकामी झाल्यावर त्यानं ती वैदेहीपुढं केली.

"अजून वाढ," तो म्हणाला, "आणि तुझीबी घेऊन ये. एकटीनं नको खाऊ."