मूळ कागद

शिंपीकाका एका शर्टाची काजं करत बसले होते. लेक आतून आली आणि तिनं फोन त्यांच्या चष्म्यासमोर धरला. मोठ्या सरकारी रुग्णालयात रक्त तपासायच्या कामावर तिची निवड झाली होती. नोकरी कायमची. आज चारच्या आत मूळ प्रमाणपत्रं दाखवायची. नाहीतर यादीतलं पुढचं नाव.

काकांची सुई थांबली. प्रमाणपत्रं घरात नव्हतीच. पंधरवड्यापूर्वी लेकीनं एका खासगी प्रयोगशाळेला होकार दिला होता. कामावर रुजू व्हायला अजून चार दिवस होते, पण तिथल्या रिवाजाप्रमाणे काकांनी तिची फाइल आधीच मालकांच्या हाती दिली होती.

"दिलेला शब्द मोडायचा?"

"मोडायचाय, बाबा. पण तोंड लपवून नाही. समोर जाऊन माफी मागते."

काका घुटमळले. शब्द फिरवला तर लोक काय म्हणतील, हे त्यांना दिसत होतं. बायकोनं त्यांच्या हातातला शर्ट काढून घेतला आणि चपला पुढं सरकवल्या.

प्रयोगशाळेत मालकांनी सगळं शांतपणे ऐकलं. कागद वर्षभरानं मिळतील, म्हणाले. सगळ्यांचेच इथं असतात, त्याशिवाय मुली टिकत नाहीत. एक दिवसही काम केलेलं नाही, असं लेकीनं सांगताच त्यांचा सूर बदलला.

"कुठले कागद? पोच आहे?"

पोच नव्हती. तीस वर्षांत कुणाचं अस्तराचं कापडसुद्धा काकांनी चिठ्ठी दिल्याशिवाय ठेवून घेतलं नव्हतं. पण एवढ्या मोठ्या माणसाकडे पोच मागणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं होतं. मालकांच्या मागं काचेचं कपाट होतं. त्यात पंधरा-वीस फायली उभ्या होत्या, आणि तिसरी काकांच्या ओळखीची होती.

काकांनी हात जोडले. वाकले. पायाशीच जाणार, तेवढ्यात लेकीनं त्यांचा दंड धरला.

"हात खाली घ्या, बाबा. चूक आपली नाही."

तिनं रुग्णालयात फोन लावला. पलीकडची बाई भली होती, पण नकला चालणार नव्हत्या. दोघं बाकावर बसून राहिली. चार वाजले. सव्वाचारला लेकीनं फोन पालथा करून मांडीवर ठेवला. रडली नाही, नुसती भिंतीकडं बघत राहिली. काकांना ते बघवेना.

तेवढ्यात एक बाई सुनेला तिथं कामाला लावायला घेऊन आल्या. फाइल काढून त्यांनी मालकांपुढं धरली.

"ताई, मूळ कागद देऊ नका," काका म्हणाले. "नकला द्या."

मालकांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. जन्मभर गिऱ्हाइकाला उलटून न बोललेले काका जागचे हलले नाहीत.

"माझ्या लेकीचे कागद त्या कपाटात आहेत. ते मिळेपर्यंत मी रोज इथं येऊन बसणार. आणि येईल त्याला हेच सांगणार."

बाईंचा हात अजून पुढंच होता. सुनेनं हलकेच त्यातली फाइल काढून घेतली.