दूध आलं होतं का?

लाँड्रीत इस्त्रीच्या वाफेने सगळे घामाघूम व्हायचे, तेव्हा धाकटी दोन स्वेटर घालून बॉयलरपाशी बसलेली असायची. लाँड्री ताईची, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची. तिनेच धाकटीला कामावर घेतलं होतं आणि बोलणीही तिचीच खावी लागत. दहा चादरींच्या घड्या झाल्या की धाकटी भिंतीला टेकायची. ताईने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता: अंगचोर आहे.

आधी ती तशी नव्हती. बारा वर्षांपूर्वी बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं की आठ बाटल्या चढवाव्या लागल्या. वाचली, मुलगीही चांगली झाली, पण पूर्वीची धाकटी काही घरी परतली नाही. पाळी पुन्हा आली नाही, तेही सगळ्यांनी अशक्तपणावर ढकललं. डॉक्टर रक्तवाढीच्या गोळ्या देत राहिले. नवऱ्याने वर्षभर समजूत काढली, मग परगावी नोकरी धरली आणि हळूहळू त्याचं येणं बंद झालं. मुलगी ताईच्याच अंगाखांद्यावर वाढली.

या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं. दोन दिवस उलट्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी हाका मारूनही उठेना. हॉस्पिटलात नेलं तेव्हा रक्तदाब लागत नव्हता, साखर पार खाली गेलेली. सलाईन लावूनही ती नीट शुद्धीवर येईना. दुपारी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी धाकटीची काख पाहिली. तिथे एकही केस नव्हता. मग त्या ताईकडे वळल्या.

"बाळंतपणानंतर यांना दूध आलं होतं का?"

"थेंबभरही नाही," ताई म्हणाली. बारा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या वरचा हायपोथॅलॅमस तिला सूचना देतो आणि ती पुढे थायरॉइडला, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना, बीजकोशांना कामाला लावते; बाळंतिणीला दूधही तिच्यामुळेच येतं. गरोदरपणी ती फुगते, तिला रक्त जास्त लागतं. नेमकं तेव्हाच रक्त न मिळाल्याने धाकटीची ग्रंथी मेली होती.

"बाकीच्या ग्रंथी धडधाकट आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण त्यांना काम करा म्हणून सांगणारं कुणी उरलं नाही."

तेव्हाच कळलं असतं तर, असं ताईने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी उत्तर टाळलं नाही. यावरच्या गोळ्या तेव्हाही मिळत होत्या, एवढंच म्हणाल्या.

इंजेक्शनं सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी धाकटीने डोळे उघडले. आता जन्मभर गोळ्या. दोनेक महिन्यांत स्वेटर उतरले, घोगरा आवाज मोकळा झाला. घड्या घालताना ती गुणगुणायला लागली आणि ते ऐकून ताईचा जीव कासावीस व्हायचा. माफी मागायला ती दोनदा जवळ गेली आणि दोन्ही वेळा बटणांचं बोलून परत आली.

एके दिवशी मुलगी शाळेतून मध्येच लाँड्रीत आली. आईच्या शेजारून जाऊन तिने मावशीच्या कानात सांगितलं, की आपल्याला पहिल्यांदाच पाळी आली आहे.

"आईला सांग ना, राणी," ताई म्हणाली.

"तिला कशाला त्रास?" मुलगी सहज म्हणाली. हे शब्द ताईचेच होते. लहानपणापासून तिनेच पोरीला शिकवले होते.

धाकटीने ऐकलं होतं. हातातली चादर तिने टेबलावर ठेवली.

"तूच सांग तिला, ताई. मला आता नीट आठवतही नाही."

ताईने मुलीला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. जाताना तिला धाकटीकडे बघवलं नाही.