वरची ओळ

प्रिंटरने सलोनीच्या लग्नाची पहिली पत्रिका बाहेर टाकली आणि वैजयंताच्या थोरल्या भावाने, बापूरावांनी, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

"वैजा, हे काय गं?"

सगळ्यात वर, महिरपीसकट, ठळक अक्षरांत: ॥ श्री गणेशाय नमः ॥

"हे घेऊन विहारातल्या लोकांकडे जाऊ? उंबऱ्यावरूनच परतवून लावतील मला."

नांदेडच्या साठ पत्रिका घेऊन दादाला सहाची बस गाठायची होती. पत्रिका हातात पडल्याशिवाय तिकडचे लोक आमंत्रण मानत नाहीत. आणि सव्वाचार वाजून गेले होते.

चूक वैजयंताचीच. शांती नगरातल्या आपल्या खोक्याएवढ्या छपाईच्या दुकानात बसून, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तिने पत्रिका छापायचा हा प्रोग्राम लिहिला होता. ‘पत्रिका’ हा त्यातला मुख्य क्लास, म्हणजे मूळ साचा, तिच्या भाषेत आई. वरची ओळ, नावं, तारीख, हॉलचा पत्ता, सगळं छापायचं काम आईकडे. दहातली आठ गिऱ्हाइकं गणपतीवाली, म्हणून ती ओळही आईच्याच गळ्यात. स्वतःच्या पोरीसाठी, सलोनीसाठी, तिने त्या साच्यातून ‘बौद्धपत्रिका’ ही लेक काढली आणि रिकामीच ठेवली. आईचं ते लेकीला आपसूक मिळतंच की! मिळालं.

"दोन मिनिटं थांब, दादा."

तिने लेकीत छापायचं काम नव्याने लिहिलं. कागद आला. वर ‘नमो बुद्धाय’, खाली कोरं.

"झकास! लग्न कुणाचं, कुठं, कधी, ते लोकांनी ध्यानाला बसून ओळखायचं का?"

वैजयंताने जीभ चावली. त्याच नावाचं काम लेकीने स्वतः केलं की आई गप्प बसते, तिला हाक मारावी लागते. तिने लेकीच्या ओळीखाली ‘सुपर’ लिहून आईला हाक मारली. आई आली ती सगळं गाठोडं घेऊन. नमो बुद्धाय, त्याखाली श्री गणेशाय नमः, मग नावं.

दादा इतका हसला की चहा सदऱ्यावर सांडला. "आता कुणी रुसायला नको!"

वैजयंताही हसली, पण घड्याळात पाच वाजले होते. लेकीला किती दुरुस्त करणार? तिने आईकडची वरची ओळ उचलली, ‘गणेशपत्रिका’ नावाची दुसरी लेक केली आणि ओळ तिला देऊन टाकली.

"आईकडे मग उरलं काय?" दादाने विचारलं.

"नावं, तारीख, पत्ता. सगळ्यांना लागतं तेवढंच."

"आपल्या आईकडे तरी दुसरं काय होतं गं? नात्यातल्या शंभर घरांची नावं न् पत्ते, सगळे तोंडपाठ."

चौथा कागद आला. नमो बुद्धाय. खाली नवरानवरीची नावं, सलोनी आणि संघर्ष, मग तारीख, इंद्रलोक वस्तीतला हॉल. दादाने बोट फिरवत वाचला, पुन्हा वाचला आणि पिशवीचं तोंड उघडलं.

"काढ साठ. नाही, पासष्ट काढ. आई असती तर पाच घरं अजून आठवली असती तिला."