मार्थाचा रंग

तिसगावच्या हौशी नाट्य मंडळाच्या नाटकात एक छळणारी सासू, एक काळाकुट्ट खलनायक आणि दोन-चार गाणी ठरलेली असायची. त्यामुळे सिल्व्हिया भिंगारदिवे मॅडमनी परदेशातल्या काळ्या-गोऱ्या भेदावर स्वतः नाटक लिहून आणलं, तेव्हा मंडळींनी ते मान डोलावत ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, की यात गाणी कुठं आहेत?

गाणी नव्हती. एक गाव होतं, तिथं दोन नळ होते, एक गोऱ्यांचा आणि एक काळ्यांचा. काळ्यांचा नळ कोरडा पडतो आणि मार्था नावाची काळी मुलगी आजारी भावासाठी गोऱ्यांच्या नळावर पाणी मागायला जाते. बस्स, एवढंच. मॅडम हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायच्या. वर्गातल्या सावळ्या पोरींना पोरं कोणकोणत्या नावांनी हाक मारतात, ते ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. गावानं एकदा तरी हे नाटक नीट बसून बघावं, याच्यापुढं त्यांना काही नको होतं.

मार्थाचं काम अर्थातच मंडळाच्या अध्यक्षांच्या सुनेला, पंकजाला मिळालं. पंकजा गोरीपान. तालमीला ती तोंडाला तव्याची काजळी फासून आली आणि अख्खं समाजमंदिर हसून लोटपोट झालं. गोऱ्या शिपायाचं काम करणारा रामहरी, जो स्वतः उन्हानं रापलेला, तो तर खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. मॅडमच्या मस्तकात तिडीक गेली. ज्या गोष्टीनं गावाच्या काळजाला हात घालायचा, त्याच गोष्टीवर नटमंडळी फिदीफिदी हसत होती. अध्यक्षांचा वाईटपणा घेऊन, भांडभांड भांडून त्यांनी पंकजाला मार्थाच्या मालकिणीचं काम दिलं आणि मार्था दिली दिपालीला.

दिपाली त्यांची जुनी विद्यार्थिनी. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. रंगानं काळी, आवाज खणखणीत आणि सगळ्यांचे संवाद तोंडपाठ. तिची आई बायडाबाई ऊसतोडीला जायची. यंदा कोयता उचलायच्या आधी लेकीचं लग्न उरकायचंच, असं ती दर साली म्हणायची आणि दर साली पाहुणे पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून जायचे.

"हिला तर रंग लावायचीसुद्धा गरज नाही!" मॅडम त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या. सगळे हसले. दिपालीही हसली. मॅडमना तिच्या हसण्यात काही दिसलं नाही, कारण त्या घडीला त्यांना फक्त आपलं नाटक दिसत होतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी आसारामकाका आपली रंगाची पेटी घेऊन आले. गावच्या नाटकातली तोंडं वर्षानुवर्षं तेच रंगवत. त्यांची रीत ठरलेली होती. नायिकेचं तोंड सगळ्यात शेवटी, चादरीच्या आडोशाला रंगवायचं आणि तिसऱ्या घंटेपर्यंत कुणी बघायचं नाही. "दिपालीला काही लावू नका, पावडरसुद्धा नको," असं मॅडमनी त्यांना बजावून सांगितलं आणि त्या पाहुण्यांच्या स्वागताला गेल्या. काका 'बरं बरं' म्हणाले होते.

तिसरी घंटा झाली, चादर बाजूला झाली आणि मॅडमनी डोक्याला हात लावला. दिपाली गोरी होऊन उभी होती. गाल गुलाबी, ओठ लाल, कपाळ पांढरंफटक. रंग मानेपर्यंतच होता. झग्याच्या बाहेर आलेले हात तिचे तिचेच होते.

"काका, अहो हे काय केलंत?"

"नायिका हाय ना ती? आजपतोर येकबी नायिका काळी पाठवली न्हाई म्या स्टेजवर. लोक म्हनतील, आसारामचा हात गेला."

"नाटकच काळ्या मुलीचं आहे!"

"म्हंजी काय झालं? गरिबीचं नाटक असलं, तरी नायिकेला आपन चांगलंच लुगडं नेसवतो की."

मॅडमनी पाण्याचा तांब्या उचलला. "दिपाली, चल, धू ते आधी."

"न्हाई मॅडम," दिपाली मागं सरली. "काकांना बोलू नका. मीच म्हनले, लावा म्हनून. तुमी म्हनला हुता, हिला रंगाची गरज न्हाई. समदे हसले. त्या दिवशी घरी जाऊन जेवले न्हाई मी. पंकजावहिनीला काळं केलं तर तुमी भांडला. अन् मला घेतलं ते मी काळीच हाय म्हनून. येकदा तरी मला हिरोइनीसारखं उभं राहू द्या."

तू काम चांगलं करतेस म्हणून घेतलं, असं मॅडम म्हणणार होत्या. ते खरंही होतं. पण त्या दिवशी त्यांनी ते म्हटलं नव्हतं. तेवढ्यात पडदा उघडला.

पुढचा सगळा वेळ मॅडम विंगेत ओठ चावत उभ्या राहिल्या. रामहरी नळाजवळ आला आणि त्यांनी डोळेच मिटले. शिपाई म्हणजे खलनायक, म्हणून काकांनी त्याला आणखी काळा केला होता.

"काळ्यांनी इथं पाणी प्यायचं नाही!" रामहरी गोऱ्यापान दिपालीवर गरजला.

"आरं, ती गोरी हाय, काळा तर तूच हायस!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसण्यानं दणाणून गेला.

दिपालीनं एक शब्द चुकवला नाही. भावासाठी पाणी मागताना तिचा आवाज असा फाटला की हसणारे चिडीचूप झाले. डोळ्यांतलं पाणी मात्र तिनं गालावर येऊ दिलं नाही, रुमालाच्या टोकानं पापणीवरच टिपलं. रंग ओघळू नये म्हणून, हे एकट्या मॅडमना कळलं.

टाळ्या पडल्या. परदेशात असले प्रकार चालतात, आपल्याकडं असलं काही नाही याचा अभिमान वाटतो, असं अध्यक्ष माइकवरून म्हणाले, आणि त्यालाही टाळ्या पडल्या. मॅडमना तो माइक हिसकावून घ्यावासा वाटला. पण पडद्यामागं बायडाबाई त्यांची वाट बघत होती.

"मॅडम, पोरीनं तोंड धुवायच्या आत येक फोटू काढा. तुमचा मोबाईल चांगला हाय. शेवगावच्या पाव्हन्यांनी फोटू मागितलाय."

मॅडमच्या ओठांवर बरंच काही आलं. दिपाली पडद्याला टेकून उभी होती, आधीच फोटोसाठी हसत. ते हसणं बघून त्यांनी मोबाईल काढला. स्क्रीनवर गोरा चेहरा आला आणि खाली, एकमेकांत गुंतवलेले दोन काळे हात. पाहुण्यांना लगेच कळलं असतं.

मॅडमनी मोबाईल खाली घेतला. मग परत वर धरला.

"दिपाली," त्या म्हणाल्या, "हात मागं घे."