बोटांखालची तारीख

मी एक जुनी सळई आहे. लांबीला वीतभर, एका टोकाला अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला ट्रकच्या बेअरिंगची जड बैठक. टेबलावर उभं राहायचं आणि येईल तो कागद आरपार टोचून घ्यायचा, एवढंच माझं काम. सध्या मी पोलीस ठाण्यातल्या कपाटात आहे. मला कापडात गुंडाळून वर लाखेची मोहोर लावली आहे. माझ्या अंगावर रक्त वाळलेलं आहे. मित्रांनो, दचकू नका. ते रक्त कुणाचं आणि ते का सांडलं, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्मच मुळी मारझोडीतून झाला. मोठ्या रस्त्याच्या कडेला पंक्चर काढायचं एक दुकान होतं. त्याच्या मालकिणीला सगळे ड्रायव्हर मावशी म्हणत. तिचे दंड एखाद्या पैलवानासारखे होते आणि जीभ त्याहून दणकट. भंगारातला लोखंडाचा तुकडा तिने लालभडक तापवला, घणाने बडवून सरळ केला आणि ग्राइंडरवर धरला. ठिणग्यांचा नुसता पाऊस पडला. मग मला बैठकीवर डाग देऊन चिकटवलं आणि टेबलावर आपटून ती म्हणाली, "आता नीट उभी राहा. कलंडलीस तर पुन्हा भट्टीत घालीन." मी कधी कलंडले नाही.

पहिली काही वर्षं मी बिलं टोचली, उधारीच्या चिठ्ठ्या टोचल्या. भोसकणं हा माझा धंदा आहे आणि तो मी कधी लपवला नाही. ड्रायव्हर मला बघून म्हणायचे, "मावशी, जपून, एखाद्याचा डोळा जाईल!" मला ते ऐकून बरं वाटायचं. स्तुती ती स्तुतीच.

एके सकाळी दुकानासमोर एक पांढरी गाडी येऊन थांबली. गाडी चालवणाऱ्या बाईचा जबडा सुजून निळा पडला होता. डाव्या हाताची दोन बोटं काठीला बांधलेली होती. मागच्या बाजूला शिलाई मशीनचे सुटे भाग, तेलाच्या बाटल्या, एक गादी आणि गादीवर झोपलेली तिची सहा वर्षांची मुलगी, चिमणी. नवऱ्याने दारात बोटं चिरडली म्हणून ती रात्रीची निघाली होती, ती परत न जाण्यासाठीच. ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. गावोगावी फिरायचं, कारखान्यांच्या फाटकाशी गाडी लावायची, मशीन दुरुस्त करायची आणि त्याच गाडीत राहायचं, असं तिने ठरवलं होतं.

पण चाकांवर राहणाऱ्या माणसाला पत्ता नसतो, आणि पत्ता नसला की कोर्टाची नोटीस येत नाही. नवरा मुलीच्या ताब्याचा दावा लावणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एखादी तारीख चुकली असती तर पोरगी त्याच्याकडे गेली असती. टपाल सांभाळणाऱ्या कंपन्या होत्या, पण त्यांचे पैसे तिला झेपणारे नव्हते.

मावशीने टायरवरची धूळ झटकून तिला बसवलं आणि म्हणाली, "माझ्या दुकानाचा पत्ता लाव. बाकी मी बघते."

तेव्हापासून माझं काम बदललं. पोस्टमन यायचा, मावशी अधिकारपत्र दाखवून सही करायची आणि पाकीट फोडायची. जाहिराती थेट चुलीत जायच्या. नुसतं वाचून भागण्यासारखं पत्र ती दुपारी एक वाजता फोनवर वाचून दाखवायची आणि माझ्यावर टोचायची. कागद हातातच हवा असेल, तर पाकीट काढून वजन कमी करायची, पुढच्या मुक्कामाची चिठ्ठी जोडायची आणि त्या बाजूला निघालेल्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. टपालखर्च शून्य. त्या बदल्यात मशीनवाली येता-जाता मावशीच्या सुनेचं मशीन दुरुस्त करून द्यायची.

नवऱ्याचीही पत्रं येत. दावा कोर्टात असल्यामुळे दुकानाचा पत्ता त्याला माहीत होताच. 'सापडलीस की उरलेली बोटं मोडीन', 'गाडीसकट पेटवून देईन'. मावशी ती फोनवर वाचत नसे. "घाण कशाला पुढे पाठवायची?" म्हणायची आणि माझ्यावर असा हात मारायची की मी टेबलासकट हादरायचे. एकेक पत्र ती दोनदा टोचायची. वकिलाला दाखवायला म्हणून सगळी माझ्या पोटाशी जपून ठेवायची. मित्रांनो, तीन वर्षं मी त्या शिव्या अंगावर वागवल्या. राग गिळून गप्प उभं राहणं काय असतं, ते मला विचारा.

मग तो दिवस आला. कोर्टाचं पत्र सकाळीच आलं होतं. मावशीने ते वाचलं, मुक्कामाची चिठ्ठी जोडली आणि टेबलावर ठेवलं. एक वाजायला थोडा वेळ होता. तेवढ्यात एक माणूस मोटारीचं पंक्चर काढायला आला. गोरागोमटा, इस्त्रीचा सदरा, बोलणं साखरेसारखं. पंक्चर निघेपर्यंत त्याने मावशीच्या हाताचं कौतुक केलं आणि म्हणाला, "मी घाटाकडे चाललोय. त्या वाटेवर कुणाला टपाल पोचवायचं असेल तर द्या. ड्रायव्हर मंडळी सांगत होती, तुम्ही पाठवता म्हणून."

मावशी हसली. तिला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. रोज अशाच अनोळखी माणसांच्या हाती ती टपाल द्यायची आणि आजवर एकही कागद हरवला नव्हता. तिने पत्र उचललं आणि त्याच्या हातात दिलं. मी समोरच उभी होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. धमकीची ती पत्रं ज्याची होती त्याच्या अंगाचा वास मला पाठ होता, आणि तोच हा होता.

पत्र घेऊन तो वळला आणि सहज म्हणाला, "चिमणीला काही खाऊबिऊ न्यायचा का?"

मावशीच्या हातातला पाना थांबला. गाडीत एक मूल आहे हे तिने कधी कुठल्या ड्रायव्हरला सांगितलं नव्हतं. मग नाव कुठून कळलं?

"पत्र ठेव खाली," ती म्हणाली.

त्याने पत्र नाही ठेवलं. त्याने पाना हिसकावून तिच्या तोंडावर मारला. दोन दात तुटले. मावशी टेबलावर कोसळली, मी डगमगले, ट्यूब तपासायचा पाण्याचा टब उलटून सगळीकडे चिखल झाला. तिने त्याची मनगटं धरली. त्याने तिच्या पोटात गुडघा घातला. पत्र टेबलावर पडलं. ते उचलायला त्याने त्यावर पंजा पालथा ठेवला आणि त्याच क्षणी मावशीने माझी बैठक मुठीत धरून मला उलटं केलं.

मी त्याच्या हातातून गेले. कातडी, मांस, हाडांमधली जागा, कोर्टाचा कागद, मग टेबलाची फळी. इतकी वर्षं मी कागदच टोचत आले होते. माणूस टोचताना मला आनंद झाला, हे मी खोटं कशाला सांगू? आणि दुसऱ्याच क्षणी त्याची किंकाळी ऐकून मी आतून थंड पडले, हेही खरं आहे.

मावशीने चिठ्ठी फाडून तोंडात कोंबली. रक्त, दात आणि मुक्कामाचं नाव, सगळं एकदम गिळून टाकलं.

आणि फोन वाजला. एक वाजला होता.

एका हाताने मला दाबून धरत मावशीने दुसऱ्या हाताने फोन घेतला. हात नेहमीच ग्रीसने माखलेले असायचे, म्हणून ती तो स्पीकरवर ठेवायची. तशी सवय होती.

"मावशी, काही आलंय का आज?"

बायकोचा आवाज ऐकून तो तिच्या नावाने ओरडला, घाणेरडी शिवी हासडली.   पलीकडे तिने तो आवाज ओळखला.

"मावशी..."

"पेन घे," मावशी म्हणाली. तोंडातून रक्त गळत होतं, पण आवाज रोजच्यासारखाच. "तो हलू शकत नाही. कोर्टाचं पत्र आहे. लिहून घे."

तारीख नेमकी त्याच्या बोटांखाली होती. मावशीने त्याचं एक बोट धरून बाजूला सारलं. तो गुरासारखा ओरडला. तिने दुसरं बोट सारलं. तारीख वाचली, वेळ वाचली, खोलीचा नंबर वाचला. मग पुन्हा एकदा सगळं वाचलं.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाखव."

पलीकडून तिने वाचून दाखवलं. आकडे बरोबर होते.

"आता ऐक. आजचा मुक्काम बदल. कुठे जातेस ते मला सांगू नकोस. रोज एक वाजता फोन कर, मी वाचीन. ठेव."

शेजारच्या चहावाल्याने पोलीस बोलावले. मावशी आणि तो, दोघांनाही धरून नेलं. मला फळीतून उपटताना हवालदाराला चांगलाच घाम फुटला.

ठरल्या तारखेला मशीनवाली वेळेवर कोर्टात उभी राहिली. माझ्या पोटातली सगळी पत्रं वकिलाने एकेक करून काढली आणि वाचली. मुलगी आईकडेच राहिली. नवरा तुरुंगात गेला. मावशीवरचा खटला मात्र अजून चालू आहे. हात कायमचा अधू केला म्हणून.

परवा मला त्या कोर्टात टेबलावर ठेवलं होतं. मावशी पुढे उभी होती, समोरचे दोन दात नसलेली. सरकारी वकिलाने विचारलं, "त्या बाईचा खरा पत्ता काय?"

"माझं दुकान."

"बाई, ती सध्या कुठे राहते ते विचारतोय मी."

"मला माहीत नाही. मीच सांगितलं होतं, मला सांगू नकोस म्हणून. पत्ता मात्र माझं दुकानच आहे. टपाल येतं, मी वाचते."

मला पुन्हा कापडात गुंडाळलं. मी गंजत चालले आहे, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. दुकानात म्हणे आता साधा दोरा लावून कागद अडकवतात.

मित्रांनो, मला पुसून लखलखीत करा असं मी म्हणणार नाही. एवढंच मागते. कुणी आपलं टपाल तुमच्या भरवशावर सोडून दूर गेलं असेल, तर गोड बोलणाऱ्याच्या हाती ते देऊ नका. आणि वाचून दाखवायची वेळ आली, तर तोंडात रक्त असलं तरी तारीख दोनदा वाचा.