शुक्रवारचा हात

बायकोचा हात उशीवर नीट ठेवून त्याने तिच्या अंगठ्याच्या मुळाशी मेंदीच्या कोनाने एक छत्री काढली. उलटी झालेली.

"वाऱ्याने नाही रे उलटली," ती म्हणाली. "तिकिटाला आलेल्या बाईंनीच आपटली, खिडकीच्या काचेवर. आत मी, बाहेर त्या, आणि मध्ये बिचारी छत्री."

"मग एक काडी मोडकी दाखवतो."

"हसवू नकोस. हात हलतो."

ती बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसायची आणि तो एका बेकरीत केकवर नक्षी काढायचा. मालक त्याला मास्तर म्हणत. तिथे दिवसभर लोक सांगतील तसा हात चालवायचा. गुलाब गुलाबीच हवा, नावातला काना राहिला तर केक परत. एकदा एका गृहस्थाने केकवर 'चुकलो' एवढंच लिहून घेतलं होतं आणि अक्षर मोठं आलं की नाही हे बघायला तो शेवटपर्यंत समोर उभा होता. या कामावर घर चालत होतं, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण शुक्रवारी संध्याकाळी दोघंही लवकर घरी आले की तो मेंदी भिजवायचा. कोन धरायची तीच पद्धत, बोटंही तीच, फक्त फर्माईश करणारं कुणी नसायचं. बायको आठवडाभराचं सांगायची आणि त्यातलं जे मनात भरेल ते तिच्या तळहातावर उतरायचं. कधी प्रवाशाचं भांडण, कधी खिडकीशी झोपणारं मांजर. पुढचे काही दिवस तो हात काचेखालून तिकिटं द्यायचा आणि लोक सुटे पैसे घ्यायचे विसरून बघत राहायचे.

शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या मैत्रिणीला ही कला घरातच राहिलेली बघवेना. एके दिवशी ती घरीच आली.

"भाऊजी, भाचीचं लग्न ठरलंय. मेंदी तुम्हीच काढायची. फुकट नको हं, रीतसर पैसे घ्या."

"मी पैशासाठी नाही काढत," तो म्हणाला. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"वा! घोड्याने गवताशी दोस्ती केली तर खायचं काय?"

"जा की," बायको म्हणाली. "होऊ दे जरा कौतुक."

तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघून त्याच्याने नाही म्हणवलं नाही.

लग्नघरी मुलीने फोनवरचा फोटो पुढे केला. अगदी अस्संच हवं, एक पान इकडचं तिकडे नको. एक पान इकडचं तिकडे झालं नाही. सगळ्यांनी तोंडभरून वाखाणलं, आणि एकीकडून दुसरीकडे नाव पसरत गेलं. बायको हौसेने फोन घ्यायची, तारखा ठरवायची. खोटं कशाला बोला, पैसा कुणाला नको असतो? न्हाणीघराची गळती थांबली, झोपायला नवी गादी आली. सुट्टीचे दिवस तेवढे गेले.

शुक्रवार मोडला नाही. मान आखडलेली असली तरी तो उशी घेऊन बसायचाच. पण त्या हंगामात सगळीकडे चालणारी वेल आता बोटांना पाठ झाली होती. तीच बायकोच्याही हातावर सरसर उतरायची. सुबक असायची, खोट काढायला जागा नसायची.

"आज साहेबांनी आम्हा तिघींना आत बोलावलं होतं," एका शुक्रवारी ती म्हणाली.

"हं."

"म्हणाले, आता सगळे..."

तो पाकळ्या भरत होता. ती थांबली. अख्खं फूल भरून झालं, शेजारचंही झालं, तेव्हा ती म्हणाली, "छान आलीय."

"हं," तो म्हणाला.

पुढच्या बुधवारी दुपारी मैत्रीण बेकरीत आली. तिने मोठा केक सांगितला, निरोपाचा.

"वर तीन नावं घाला, भाऊजी. माझं, तिचं आणि पलीकडच्या खिडकीवरच्या ताईंचं. लोक फोनवरच तिकिटं काढतात, आता आमच्या खिडक्या काय कामाच्या? तिने सांगितलंच असेल तुम्हाला."

"हो, सांगितलं की," तो म्हणाला.

मैत्रीण गेल्यावर त्याने केक पुढे ओढला. पहिलं नाव झालं. दुसऱ्या नावाशी कोन टेकवला आणि तो तसाच थांबला.

"मास्तर, मधली ओळ तिरकी जातेय," मालक मागून म्हणाले.

त्याने ती खरवडून काढली आणि पुन्हा लिहिली. हात धुतल्यावर मात्र तो मालकांच्या टेबलाशी जाऊन बराच वेळ बोलत बसला.

संध्याकाळी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. त्याने मेंदी भिजवलेली बघून ती म्हणाली, "आज बुधवार आहे ना?"

त्याने कपडे बाजूला सारले आणि उशी ठेवली.

"साहेबांनी तिघींना आत बोलावलं. मग?"

तिने एक टॉवेल पुन्हा जवळ ओढला. "ते आता जुनं झालं."

"मी ऐकलंच नव्हतं."

"माहितीय मला." तिने हात पुढे केला नाही. "आणि आता तर तुझ्या ऑर्डरी लागणारच. रविवारचं एक घर मी..."

"त्यांना नाही म्हणून कळवलंय. बेकरीत पहाटेची पाळीही मागून घेतली. केक म्हणशील तेवढे काढीन. पैशासाठी हे नाही."

"वेडा आहेस. भरल्या ताटाला लाथ मारतोस."

"असेन वेडा. तू सांग."

"काय सांगू? कुठल्या शुक्रवारचं?"

"सगळ्याच."

ती थोडी घुटमळली. मग हात उशीवर आला आणि ती सांगू लागली. खिडक्या बंद होणार हे सांगताना साहेबांना शब्द सुचेनात आणि शेवटी ताईंनीच त्यांना पाणी आणून दिलं, हे आधी. मग मागे राहिलेलं कायकाय: रोज गावी जायचं ठरवून येणारा आणि तिकीट न काढताच घरी परतणारा म्हातारा, मांजराला झालेली पिल्लं. कोन हातात तसाच धरून तो कितीतरी वेळ नुसता ऐकत होता. मध्ये त्याने दोनदा विचारलं, "पिल्लं किती?" आणि मग पहिलं कान टवकारलेलं पिल्लू करंगळीशी आलं. एक हात भरला, तेव्हा तिने आपणहून दुसरा पुढे केला. पाण्याचा पेला हातात घेतलेले साहेब त्या हातावर आले.

"टक्कल राहिलं की त्यांचं," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे कधी वाहू लागले ते तिलाही कळलं नाही. दोन्ही हात ओले. ते हवेत धरून ती तशीच बसून राहिली. मग आपल्या शर्टाच्या बाहीने तिचे डोळे, आणि नाकही, त्यानेच पुसलं.