मोतोकीचा आवाज

मोतोकी ओकिउराचं पहिलं पोस्टकार्ड आलं, तेव्हा आमची पाणबुडी सव्वीस आठवडे पाण्याखाली होती. म्हणजे साप्ताहिकाचे सव्वीस अंक झाले होते. मी कुरोइवा सेन्सेईंच्या, म्हणजे आमच्या गुरुजींच्या, हाताखाली चित्रं काढायचो. दोन पाणबुड्या समुद्राखाली एकमेकींच्या मागावर आहेत, अशी त्यांची चित्रकथा होती. माणसांचे चेहरे सेन्सेई काढत. पाणबुडीच्या आतलं सगळं, म्हणजे नळ, चाकं, तबकड्या, शिड्या, दारं, माझ्याकडे असे. नेरिमातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघंजण दिवसभर माना मोडून बसायचो. खऱ्या पाणबुडीत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. फोटो बघून काढायचो आणि उरलेलं ठोकून द्यायचो.

पोस्टकार्डावर लिहिलं होतं: 'मी कुरे बंदरातल्या एका पाणबुडीवर स्वयंपाकी आहे. तुमची गोष्ट आमच्याकडे सगळे वाचतात. पण तुमचा स्वयंपाकी दोन्ही कोपरं पसरून बटाटे सोलतो. एवढी जागा आमच्या कॅप्टनलासुद्धा नाही. ओकिउरा, वय बावीस.'

सेन्सेईंनी ते मोठ्याने वाचलं आणि खो खो हसले. "निशिहाता, कोपरं आत घे त्याची!"

मी कोपरं आत घेतली आणि आभाराचं पत्र टाकलं. त्यावर उत्तर आलं, मग पुन्हा मी लिहिलं, आणि ते चालूच राहिलं. बोट कुठे जाते, किती खोल जाते, यातलं तो एक अक्षर लिहीत नसे. पण गुडघे पोटाशी घेऊन कसं झोपतात, तांदूळ किती थोड्या पाण्यात धुतात, महिनाभराने घरी गेल्यावर आई दारातच कपडे कसे काढायला लावते, हे सगळं तो हौसेने कळवायचा. शुक्रवारच्या करीचंही त्यानेच लिहिलं. पाण्याखाली सकाळ-संध्याकाळ कळत नाही. दर शुक्रवारी जेवणात करी असते, तेव्हा एक आठवडा सरला हे माणसांना कळतं. सेन्सेईंनी ते लगेच गोष्टीत घेतलं.

मग मी त्याच्याकडे फोटो मागितला. जाड भुवया, बाहेर आलेले कान, आणि फोटो काढणाऱ्याने काहीतरी चावट बोलल्यासारखं दाबलेलं हसू. सेन्सेई म्हणाले, "आपल्या स्वयंपाक्याला हाच चेहरा दे. आणि काढ तूच. तुझा माणूस आहे तो." सात वर्षांत मी काढलेला तो पहिला चेहरा. अंक बाजारात आल्यावर मोतोकीने कळवलं, 'बोटीवर मला आता कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे "नटसम्राट" म्हणतात. आईने पाच अंक घेतले.'

आम्ही कधी भेटलो नाही. भेटू भेटू म्हणत दीड वर्ष गेलं.

नोव्हेंबरात कुरेहून पाकीट आलं, पण अक्षर वेगळं होतं. 'मी मोतोकीची आई. मोतोकी दहा तारखेला गेला. सुट्टीवर घरी आला होता. माझ्या दुकानात कोबी चिरता चिरता खाली बसला, तो उठलाच नाही. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या गोष्टीत तो अजून आहे का? असला तर कृपा करून राहू द्या.'

मी पत्र सेन्सेईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"उन्हाळ्यात ही बोट बुडवणार होतो मी," ते म्हणाले.

"मग आता?"

"दुसरी बुडवू."

पुढच्या आठवड्यात मी कुरेला गेलो. फुमिए ओकिउरा चढावरच्या एका अरुंद दुकानात कोबी आणि नूडल्सची जाड धिरडी करून विकायच्या. एक लांब लोखंडी तवा आणि त्याच्यापुढे सहा स्टुलं, एवढंच ते दुकान. नवरा कधीच वारला होता. मी नाव सांगितल्यावर त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढासाच आहेस होय रे तू! मला वाटलं, कुणी म्हातारा असेल. बस. खाऊन घे आधी."

मी खात असताना त्यांनी कपाटातून अंकांचा गठ्ठा काढला. जिथे जिथे मोतोकी होता, तिथे कागदाचा कपटा घातला होता.

"गोष्ट काय चाललीय ते मला काडीचं कळत नाही," त्या म्हणाल्या. "हा मिशीवाला चांगला की वाईट?"

"अजून ठरलेलं नाही, काकू."

"मग माझ्या पोराला त्याच्या फार जवळ उभा करू नकोस."

शेजारच्या स्टुलावरचा गोदी कामगार हसायला लागला. काकूंनी त्याच्याकडे रोखून पाहिल्यावर त्याने मुकाट्याने ताटलीत मान घातली.

पुढची तीन वर्षं मी मोतोकीला काढत राहिलो. कधी अर्ध्या पानात, कधी नखाएवढा, कुणाच्या तरी खांद्यामागे. गुरुवारी अंक यायचा आणि दुपारी काकूंचा फोन. "या वेळी कान फार मोठे केलेस. हत्ती आहे का तो?" किंवा, "दमलेला दिसतोय. झोपू देत नाहीत का त्याला तुझे सेन्सेई?" एकदा मी पावसाळी टोपी घातलेला मोतोकी काढला, तर फोनवर त्यांनी आधी, ही कुठे पाहिलीस, असं विचारलं. मग म्हणाल्या, "त्याच्या बाबांची अशीच होती." मला त्या फोनची सवय लागली. बाकी वाचक गोष्टीत पुढे काय होतं ते बघत असतील. मी मात्र कुरेतल्या एका बाईसाठी काढत होतो.

चौथ्या वर्षी आमच्या गोष्टीवरून टीव्हीसाठी ॲनिमेशनपट करायचं ठरलं. दिग्दर्शक तामुरा यांनी संहिता पाठवली. तिच्यात स्वयंपाक्याला एक वाक्य होतं. सगळी बोट शत्रूच्या भीतीने श्वास रोखून पडली आहे, धोका टळतो, आणि स्वयंपाकी दारातून डोकं काढून म्हणतो, "आज शुक्रवार आहे. करी आहे!"

मला कोण आनंद झाला! वाटलं, मोतोकी हलणार, चालणार, बोलणार. याहून मोठं त्या माऊलीला आपण काय देणार? मी सेन्सेईंना म्हणालो, "ध्वनिमुद्रणाला काकूंना बोलावतो."

त्यांनी कुंचला खाली ठेवला. "नको. चित्र गप्प असतं. गप्प असतं म्हणून तिला ते झेपतं."

"पण त्या नाहीतर एकट्या टीव्हीवर बघतील. त्यापेक्षा इथे आलेल्या काय वाईट?"

"मी सांगितलं," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

मी फोन केलाच. काकूंनी विचारलं, "बोलणार? कुणाच्या आवाजात?"

"सेंदो म्हणून एक तरुण नट आहे. चांगला आहे. तुम्ही सांगाल तसं बोलेल."

"मोतोकीचा आवाज कुठे भरून ठेवलेला नाही रे माझ्याकडे. फोटो आहेत, पत्रं आहेत. आवाज तेवढा नाही. पण सकाळी दुकान उघडते ना, तेव्हा ऐकू येतो. 'आई, तवा तापला.' अगदी स्पष्ट." जराशाने त्या म्हणाल्या, "येते मी. सांगते त्या मुलाला."

त्या आल्या त्या दिवशी त्यांनी करड्या रंगाचा किमोनो नेसला होता आणि सगळ्यांसाठी कुरेची मोदकाएवढी गोड बिस्किटं आणली होती. काचेपलीकडे सेंदो माइकसमोर उभा होता. वय तेवीस. काकूंना पाहून तो कमरेत पार वाकला. काकूंना आम्ही तामुरांच्या शेजारी बसवलं. पडद्यावर मोतोकीने दारातून डोकं काढलं, आणि सेंदो म्हणाला, "आज शुक्रवार आहे! करी आहे!"

"अगं बाई, एवढ्या आनंदाने नाही," काकू म्हणाल्या. "सकाळपासून कांदे चिरलेत त्याने."

सगळे हसले. सेंदोही हसला. त्याने पुन्हा म्हटलं.

"आता फार रडका झाला. आणि आमच्याकडचा हेल नाही आला. 'आहे' खाली पाड. पायरी उतरल्यासारखं."

असं दहा-बारा वेळा झालं. तामुरा घड्याळ बघत नव्हते, त्यांनाही चव लागली होती. सेंदोने शेवटी विचारलं, "काकू, तुम्ही एकदा म्हणून दाखवता?" काकूंनी डोळे मिटले आणि जाड, बायकी आवाजात ते वाक्य म्हटलं. सेंदोने मान खाली घालून ते ओठांतल्या ओठांत दोन-तीनदा घोळवलं. मग मान वर केली आणि बोलला.

काकू खुर्चीतून उठल्या. त्यांचा हात माझ्या बाहीवर आला आणि तिथेच राहिला.

"हाच," त्या म्हणाल्या.

तामुरांनी टाळी वाजवली. सेंदोचे डोळे भरून आले होते. काकूंनी एकेकाला वाकून नमस्कार केला, यंत्रं सांभाळणाऱ्या मुलीलासुद्धा. मला वाटलं, आयुष्यात एक तरी काम नीट केलं आपण.

बाहेरच्या बोळात त्या माझ्यापुढे चार पावलं चालल्या आणि भिंतीपाशी थांबल्या.

"निशिहाता, जरा थांब." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली. पाणी आणू का, म्हटलं. त्यांनी मान हलवली. "येत नाहीये रे."

"काय, काकू?"

"त्याचा आवाज. ऐकायला जाते, तर हा मुलगाच बोलतो."

"आत्ताच ऐकलंत ना, म्हणून. थोड्या वेळाने…"

"मनातल्या मनात त्याला 'आई' म्हण म्हटलं. ते तर या मुलाने म्हटलंच नव्हतं ना? तेही याच्याच आवाजात म्हणतोय."

त्या तशाच उभ्या राहिल्या, डोळे मिटून, मान जरा तिरकी करून, पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तशा. स्टेशनवर मी डबा घेऊन दिला, तो त्यांनी न उघडता मांडीवर धरला. गाडी सुटताना म्हणाल्या, "झोपून उठले की येईल."

दुसऱ्या दिवशी मी तामुरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ते वाक्य काढून टाकलं आणि त्या जागी नुसता भांड्यांचा आवाज घातला. सेंदोला कळलं तेव्हा तो मला शोधत आला. "माझं काही चुकलं का हो?" तो विचारत होता. त्याला काय सांगणार? त्याचं काही चुकलं असतं, तर बरं झालं असतं.

गुरुवारी काकूंचा फोन आला नाही. मीच केला. "आला का?" मी विचारलं.

"नाही."

पुढच्या गुरुवारी तेच. महिन्याभरानंतर मी विचारणं सोडलं. वसंतात कुरेला गेलो, तर दुकानात एरवी चालू असणारा रेडिओ बंद होता. तोच गोदी कामगार माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आम्ही सगळे इथे हळू बोलतो आता. काकूंनी सांगितलंय." काकू तव्यापाशी उभ्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्यापुढे धिरडं वाढलं, पूर्वीसारखंच, वर अंडं फोडून. सकाळी दुकान उघडायला एक पुतणी येते आता, असं म्हणाल्या. त्या स्वतः दहानंतर येतात.

पुढल्या वर्षी सेन्सेईंनी गोष्ट संपवली. शेवटच्या अंकात आमची बोट बंदराला लागते आणि माणसं एकामागून एक वर येतात. मोतोकीला मी धक्क्यावर उतरवला, खांद्यावर पिशवी घेतलेला. त्या गुरुवारी मी फोन केला.

"पाहिलंत?"

"पाहिलं. घरी आला. छान काढलायस."

मला राहवलं नाही. "काकू, माझ्यावर राग आहे का तुमचा?"

"राग कसला? तू काय द्यायला निघाला होतास, ते मला कळतं." मागे तव्यावर काहीतरी चरचरत होतं. "पण तेवढं एकच माझ्याजवळ होतं रे."

मग गिऱ्हाईक आलं आहे असं म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.